पानं झडल्यावर दिसलेलं घर

मारिया वादळ रात्रभर धिंगाणा घालून गेलं आणि सकाळी बेलमोरची माणसं बाहेर आली, तेव्हा आधी कुणाला छपराचं सुचलंच नाही. सगळे डोंगराकडे बघत राहिले. डोमिनिका बेटावर जन्मलेल्या माणसाला डोंगर हिरवा असतो हे सांगावं लागत नाही. आणि आता समोरचा डोंगर तपकिरी होता. झाडं होती, म्हणजे खोडं होती, पण पान औषधालाही उरलं नव्हतं.

इस्मे लारॉन्दचं दुकान नदीच्या वळणावर होतं. पीठ, साखर, मेणबत्त्या, खारवलेला मासा, रम आणि गावातल्या बातम्या असं सगळं तिथे मिळायचं. आता दुकानाचे पत्रे उडाले होते, पिठाचा लगदा झाला होता, आणि माशांचे डबे चिखलात रुतले होते. पायरीवर बसून ती एकेक डबा उपसून पुसत होती. पुसता पुसता तिची नजर नदीपलीकडच्या चढावर गेली आणि हात थांबला.

"गॉडफ्री," तिने नवऱ्याला हाक मारली. "ए गॉडफ्री, ते काय आहे बघ."

गॉडफ्री भिंतीवर चढून ताडपत्री बांधत होता. अंगाने भरलेला माणूस, भिंतच त्याच्या वजनाने कुरकुरत होती. "काय?"

"तिथे, चढाच्या मधोमध. दगडी भिंत आहे. आणि निळं दार."

"असेल."

"असेल काय! लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तो डोंगर बघते मी. तिथे घर नव्हतं."

"मग रात्रीत बांधलं असेल. इस्मे, आपल्या डोक्यावर छप्पर नाही आणि तुला दुसऱ्याच्या दाराचा रंग दिसतोय. खिळे दे इकडे."

तिने खिळे दिले, पण डोळे चढावरून हलले नाहीत.

इस्मेचा स्वभाव गावाला माहीत होता. कुणाच्या मुलीला कुणाचा फोन येतो, कुणाच्या घरी आठवड्यात दोनदा कोंबडी शिजली, कुणाचं गुडघ्याचं दुखणं खरं आणि कुणाचं शेतात जायचा कंटाळा, सगळं तिला ठाऊक असायचं. त्यात कुणाचं वाईट चिंतणं नव्हतं. एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही हेच तिला सोसत नसे. न जेवता राहील, पण न विचारता राहणार नाही, असं गॉडफ्री म्हणायचा.

त्या दिवसांत सगळं गाव शाळेच्या मैदानावर एकत्र शिजवत होतं. पडलेली हिरवी केळी, नीरफणस, उपटून निघालेले दाशीनचे कंद, वाऱ्याने मारलेल्या कोंबड्या, सगळं एकाच हंड्यात जायचं. रस्ता दोन्ही बाजूंनी दरडीखाली गेला होता, फोन बंद होते. मधूनमधून एखादं हेलिकॉप्टर मैदानात उतरे, पाण्याच्या बाटल्या टाकी आणि आजारी माणसाला उचलून नेई. इस्मेने हंड्यापाशी विषय काढला.

"तिथे पूर्वी कोकोची बाग होती," पा ऑक्टाव्ह म्हणाला. गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस, म्हणून सगळेच त्याला 'पा' म्हणत. "कोको ठेवायची दगडी कोठी होती. माझा बाप तिथे कामाला जायचा. पण आता तिथे माणूस कुठला? या बाजूने वाटच नाही."

"मग धूर कुणाचा?"

"कसला धूर?"

"रोज सकाळी निघतो. बारीक, पांढरा. मी बघितलाय."

क्लीटस हसायला लागला. हा तिशीतला गडी नदीत झिंगे धरायचा, डोंगरात रानडुकरं मारायचा. "मा इस्मे, भूत असेल. भुतालाही सकाळचा कोको लागतो की."

"भूत दाराला निळा रंग देतं होय रे?"

"हौशी भूत असेल."

सगळे हसले. वादळानंतर पहिल्यांदा हसले असतील, त्यामुळे कुणाला थांबावंसं वाटेना. तुरुंगातून पळालेला चोर असेल, कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, बायकोला कंटाळून लपलेला एखादा नवरा असेल, आणि दोन-तीन पुरुषांनी त्या घराकडे जरा हेव्याने पाहिलं.

इस्मेला मात्र चैन पडेना. चिखल उपसताना, कपडे धुताना, पत्रे शोधायला जाताना तिची मान तिकडेच वळायची. एके दिवशी दाराशेजारी लाल कापड टांगलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी ते नव्हतं. पुढे दोन-तीन दिवसांनी पुन्हा दिसलं.

"खूण आहे ती," ती गॉडफ्रीला म्हणाली. "कुणीतरी काहीतरी सांगतंय."

"काय सांगतंय?"

"ते कळलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

तिने हाका मारून पाहिल्या. पण नदीला अजून पूर होता, आवाज त्या घोंघाटात विरून जाई. शेवटी तिने घरातलं सगळ्यांत मोठं जर्मनचं पातेलं काढलं, दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि लोखंडी पळीने ठणठण बडवायला लागली. रानात एक पाखरू बोलत नव्हतं, वीज नाही म्हणून कुठे यंत्र चालत नव्हतं, वाराही मेल्यासारखा पडला होता. पातेल्याचा आवाज दरीभर घुमला. शेजारणी धावत आल्या. आता आणखी काय पडलं, म्हणून.

"गप्प!" इस्मे म्हणाली. "ऐका."

थोडा वेळ काही नाही. मग पलीकडून, अगदी बारीक, ठण. ठण ठण.

इस्मेने तीनदा वाजवलं, पलीकडून तीनदा आलं. तिने पाचदा वाजवलं, पाचदा आलं. तेवढ्यावर ती इतकी खूश झाली की रात्री जेवताना तिने गॉडफ्रीला आपल्या वाटणीचं अर्धं केळं दिलं. पुढे रोज सकाळी हेच. धूर निघायचा, इस्मे पातेलं वाजवायची, पलीकडून उत्तर यायचं. कोण, कुठलं, बाई की बाप्या, काही कळायचं नाही. तरी इस्मेला वाटायचं, आपण कुणाला तरी भेटून आलो.

मग एके सकाळी धूर निघाला नाही.

तिने पातेलं वाजवलं. उत्तर आलं नाही. बराच वेळ वाजवल्यावर पलीकडून एकच ठोका आला, इतका हलका, की गॉडफ्री म्हणाला, तुला भास झाला. दुसऱ्या दिवशीही धूर नव्हता. इस्मेने गॉडफ्रीचे रबरी बूट पायात चढवले, एका फडक्यात उकडलेलं दाशीन बांधलं आणि क्लीटसच्या घरापुढे जाऊन उभी राहिली.

"कोयता घे. पलीकडे जायचंय."

"मा इस्मे, वेड लागलं का? नदी बघितलीस?"

"आज उतरलीय. आणि तू नदीत झिंगे धरतोस ना? मग आज मला धर."

क्लीटसने कपाळावर हात मारून घेतला, पण कोयता उचलला. नदीत आडव्या पडलेल्या एका थोराड झाडावरून ते पलीकडे गेले, इस्मे बसूनबसून, घोड्यावर बसल्यासारखी. पुढे वाट नव्हतीच. पडलेली झाडं एकमेकांत गुंतली होती. कुठे खालून सरपटायचं, कुठे वरून उतरायचं. चिखलाला ओल्या लाकडाचा कच्चा वास येत होता. एरवी क्लीटस या डोंगरात डोळे मिटून फिरायचा. आता अर्ध्या चढावर तो थांबला आणि चारी बाजूंना बघायला लागला.

"मोठं गोमिए झाड इथे पाहिजे होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "इथून उजवीकडे वळायचं. झाडच नाही. मला काही ओळखू येत नाहीये, मा इस्मे."

इस्मेला त्याची दया आली. पण बोलून उपयोग नव्हता. तिने पाठीवर बांधून आणलेलं पातेलं सोडलं आणि वाजवलं.

"हे यासाठी वर आणलंस?" क्लीटस म्हणाला.

"श्श."

डावीकडून, वरून, ठण.

त्या आवाजाच्या रोखाने ते चढले. प्रत्येक वेळी चुकले की इस्मे वाजवायची, प्रत्येक वेळी ठोका यायचा. उत्तराला दरवेळी जास्त उशीर लागत होता, आणि इस्मेचे पाय आपोआप भराभर पडत होते.

निळं दार उघडंच होतं. आत दगडी भिंतींची एकच खोली, अर्ध्या भागावर पत्रे, अर्ध्यावर आकाश. कोपऱ्यात एक शेळी आणि तिला चिकटलेलं पिल्लू. भिंतीला टेकून एक बाई बसली होती. इस्मेच्याच वयाची, किडकिडीत, लाल घागरा, मांडीवर तवा. तिचा एक पाय गुडघ्याखाली सुजून टम्म झाला होता आणि त्याभोवती गुंडाळलेली चिंधी काळी पडली होती.

तिने इस्मेला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"इस्मे," ती म्हणाली. "बरी जाड आहेस गं. आवाजावरून वाटत नाही."

इस्मेचं तोंड उघडं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

"तुला माझं नाव कसं माहीत?"

"माहीत नसायला मी काय बहिरी आहे? रोज संध्याकाळी तुझा नवरा हाका मारतो. इस्मेऽऽ, माझा शर्ट कुठंय. इस्मेऽऽ, जेवायला काय आहे. समुद्राकडून वारा सुटला की सगळं इथे वर येतं." बाईने दम घेतला. "पाणी आहे का?"

पाणी होतं. ती गटागटा प्यायली. क्लीटसने पायावरची चिंधी अलगद उचलून पाहिली, परत ठेवली आणि इस्मेकडे बघून मान हलवली.

"वादळाच्या रात्री पत्रा लागला," बाई म्हणाली. "इतके दिवस चालत होते मी त्याच्यावर. कालपासून पाय माझं ऐकत नाही. चूल पेटवायला गेले तर उठताच येईना."

"मी माणसं घेऊन येतो," क्लीटस म्हणाला. "मैदानात हेलिकॉप्टर येतं. तू बस हिच्यापाशी, मा इस्मे." जाताना तो कोयत्याने खोडांवर खुणा पाडत गेला, येताना चुकू नये म्हणून. दूरवर त्याच्या कोयत्याचे घाव ऐकू येत राहिले.

इस्मेने दाशीन सोलून दिलं, पायाखाली लाकडाचा ओंडका सरकवला, शेळीला पाणी दाखवलं. आणि मग तिच्याच्याने राहवेना.

"तुझं नाव काय?"

"देल्फीन."

"इथे कधीपासून आहेस?"

"नवरा गेला तेव्हापासून. त्याच्या आजोबांची ही जागा. माझी वाट तिकडून आहे, डोंगराच्या मागून. सेंत-मार्तला उतरते. तिकडचीच मी."

सेंत-मार्त! बेलमोरहून तिकडे जायचं तर बसने अख्ख्या डोंगराला वळसा घालून सकाळची संध्याकाळ व्हायची. इस्मे तिथे आयुष्यात एकदाच, कुणाच्या तरी मयताला गेली होती.

"मग तिकडचं कुणी आलं नाही बघायला?"

देल्फीनने तोंड वाकडं केलं. "मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मी ग्वादलूपला मुलाकडे चाललेय म्हणून. बोटीचं तिकीट काढलं होतं. पण मादाम व्यायला आली होती." तिने शेळीकडे बोट दाखवलं. "तिला टाकून कशी जाऊ? मुलाला वाटत असेल मी सेंत-मार्तला, सेंत-मार्तला वाटत असेल मी मुलाकडे. आणि वाट दरडीत गेली. मी जिवंत आहे हे माहीत असलेली या जगात तू एकटीच होतीस. तुलाही नक्की माहीत नव्हतं."

ती हे अगदी साधेपणाने बोलली. इस्मे उगाचच पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आणि तो लाल कपडा? तू खूण करत होतीस ना?"

"कसली खूण? घागरा वाळत घालत होते. बाकीचे कपडे उडून तुमच्याकडेच आले असतील."

इस्मेला हसू आवरेना. मग देल्फीनलाही. हसताना पाय दुखायचा, म्हणून ती एकदा हसायची आणि एकदा शिवी द्यायची.

दुपार चढत गेली. इस्मे विचारत होती, पण गंमत अशी की विचारण्यापेक्षा तिला सांगितलंच जास्त जात होतं. देल्फीनला बेलमोरबद्दल नको तितकं ठाऊक होतं. चर्चमध्ये इस्मे गाण्याची ओळ सगळ्यांच्या आधी सुरू करते. कुणीतरी दर शनिवारी पिऊन नदीवर रडतं. एका घरात बाळ जन्मलं, ते फार रडायचं, मग एकदम रडायचं थांबलं आणि त्यानंतर चर्चची घंटा वाजली. कुणाचं होतं ते?

"मार्लिनचं," इस्मे हळूच म्हणाली. "न्यूमोनिया झाला होता."

"मी तेव्हा इथे मेणबत्ती लावली होती," देल्फीन म्हणाली. "नाव माहीत नव्हतं, म्हणून नुसतीच."

एवढी वर्षं दुकानात बसून आपण सगळ्यांचं सगळं जाणतो असं इस्मेला वाटायचं, आणि डोंगरावर ही बाई कान देऊन बसली होती. राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याहून जास्त तिला त्या खोलीतून उठून आपल्या गावाकडे बघावंसं वाटलं. ती दारात गेली. खाली उघडं पडलेलं बेलमोर दिसत होतं. शाळेच्या मैदानावरचा धूर, निळ्या ताडपत्र्या, आपल्या दुकानाची पायरी. किती लहान होतं सगळं. आणि पायरीजवळून माणसं निघालेली दिसत होती, नदीकडे, एकामागून एक. सगळ्यांच्या पुढे एक जाडा माणूस चालत होता.

"अगं बाई," इस्मे म्हणाली. "गॉडफ्री येतोय."

गॉडफ्री वर पोचला तेव्हा त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता. चिखलाने तो ओळखू येत नव्हता. त्याने बायकोकडे पाहिलं, ती धड आहे याची खात्री करून घेतली आणि मगच ओरडला. "इस्मे! माझे बूट घालून आलीस तू! मी अनवाणी आलोय इथवर!"

"हा गॉडफ्री," देल्फीन समाधानाने म्हणाली. "हाच तो आवाज. पण मला वाटलं होतं बारीक असेल."

त्यांनी निळं दार बिजागऱ्यांवरून उचकटलं, त्यावर देल्फीनला झोपवलं आणि दोरांनी बांधलं. उतरताना चौघे खांद्याला, दोघे पुढे वाट तोडायला. निसरड्या जागी गॉडफ्री खाली बसायचा आणि दार आपल्या पाठीवर घ्यायचा, हळूहळू सरकत. तोंडाने मात्र अखंड बडबड चालू. असली बायको करून काय पाप केलं, ही कुठेतरी नाक खुपसणार आणि त्याची ओझी आम्ही वाहायची. देल्फीन वरून म्हणाली, "अहो मिस्ये, तुम्ही तेवढं तोंड बंद ठेवाल तर श्वास पुरेल." गॉडफ्री खरंच गप्प बसला. इस्मे पाठीमागून शेळी ओढत होती, पिल्लू तिच्या कडेवर होतं. नवऱ्याला एका वाक्यात गप्प करणाऱ्या बाईकडे ती बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं आणि देल्फीनला राजधानीत, रोझोच्या इस्पितळात घेऊन गेलं. पाय वाचला, पोटरीतला बराचसा भाग गेला. मुलगा ग्वादलूपहून आला आणि तिला घेऊन गेला, हे बेलमोरला फोन सुरू झाल्यावर कळलं. इस्मेने मादाम आणि पिल्लू आपल्या परसात बांधली. मादाम कुणाचंच ऐकत नसे आणि गॉडफ्रीच्या विजारी चघळायची.

डोंगर मात्र थांबला नाही. आधी खोडांनाच पालवी फुटली, केसाळ हिरवी, फांद्या नसल्यामुळे विचित्र दिसायची. मग वेली चढल्या, रानकेळी उठल्या. सगळं गाव हरखून गेलं. इस्मे तेवढी धुसफुसायची. रोज सकाळी पायरीवरून बघायची, आज भिंतीचा एवढा तुकडा झाकला, आज दाराची चौकट गेली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे पुन्हा नुसतं रान होतं. नवीन माणसाला सांगितलं तर त्याला पटलंही नसतं.

"मुलाकडे सुखात असेल ती," गॉडफ्री म्हणाला.

"असेल," इस्मे म्हणाली. पण दर रविवारी ती क्लीटसला घेऊन पलीकडे जायची आणि त्याने खोडांवर पाडलेल्या खुणांच्या मधलं गवत कापून यायची. कुणी विचारलं तर सांगायची, शेळीला चारा लागतो.

देल्फीन आली ती बसने, काठी टेकत, सरळ दुकानात. मुलाच्या घरी चौथ्या मजल्यावर खिडक्या बंद असतात आणि दिवसभर एसीच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही, हे तिने पिशवी खाली ठेवायच्या आधीच सांगून टाकलं. मादामने तिला ओळखलं नाही. त्याचं तिला फार वाईट वाटलं. बेलमोरच्या पुरुषांनी वरच्या खोलीला नवे पत्रे घातले, दार पुन्हा बसवलं. पिल्लू कुणाचं यावरून दोघी बायकांचं दोन दिवस भांडण झालं, शेवटी ते मार्लिनला दिलं.

पत्रे बसल्यावर पहिल्यांदा इस्मे एकटीच नव्या वाटेने वर गेली. दोघी दाराबाहेर ओट्यावर बसल्या, कोको पीत. खालून गावाचे आवाज येत होते, आणि इस्मे कान देऊन ते ओळखत होती. हा क्लीटसचा कुत्रा. ही शाळा सुटली. हा गॉडफ्री, खिळे ठोकतोय, आणि आता अंगठ्यावर मारला.

"आणि ते अ‍ॅकॉर्डियन कुणाचं गं?" देल्फीनने विचारलं.

"कुठलं अ‍ॅकॉर्डियन?"

"तुमच्या गावामागचा डोंगर आहे ना, त्याच्या पलीकडून येतं. पौर्णिमेच्या आसपास. वादळाच्या आधीही यायचं, परवाही आलं. एकच गाणं वाजवतो, आणि नेहमी एकाच जागी अडतो."

"तिथे कुणी राहत नाही," इस्मे म्हणाली. "तिथे वाटच नाही."

देल्फीनने कोकोचा घोट घेतला.

इस्मे आपल्या गावामागच्या त्या डोंगराकडे बघत होती. या बाजूने तिने तो कधी पाहिलाच नव्हता. तिच्या घरातून तर फक्त त्याचा पायथा दिसायचा. आता तो पुरा हिरवागार झाला होता, माथ्यापर्यंत, कुठे फट म्हणून नव्हती.

"पौर्णिमा कधी आहे?" तिने विचारलं.